दुकानातून वस्तू चोरल्याचा आरोप : कलमे, शिक्षा आणि वकील नेमका केव्हा लागतो

एका जवळच्या नातलगावर असा आरोप आला, तेव्हा दुकानाच्या मागच्या खोलीपासून न्यायालयातील शेवटच्या तारखेपर्यंतची सगळी धावपळ माझ्याकडे होती. या लेखाची मांडणी त्या अनुभवावर बेतलेली आहे. माझे एक ठाम मत झाले आहे. अशा प्रकरणाचा निकाल पुष्कळदा साक्षीपुराव्याच्या टप्प्यापर्यंत थांबत नाही. पहिल्या काही तासांत कोणत्या कागदावर सही झाली, वस्तूची किंमत किती लिहिली गेली आणि कोणते कलम लागले, यावरच पुढचा बराचसा रस्ता ठरून जातो. म्हणून वकिलाला आरोपपत्रानंतर शोधू नये, आधी शोधावे.

१ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता, फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष अधिनियम लागू झाला. खाली ज्यांना मी अनुक्रमे न्याय संहिता, सुरक्षा संहिता आणि साक्ष अधिनियम म्हटले आहे ते हेच कायदे. घटना त्या तारखेआधीची असेल तर जुन्या दंड संहितेची कलमे लागतात (साध्या चोरीला ३७९) आणि त्यांत समाजसेवेच्या शिक्षेची सवलत नव्हती.

१. आरोप नेमका कशाचा आहे, ते आधी समजून घ्या

न्याय संहितेच्या कलम ३०३ नुसार, दुसऱ्याच्या ताब्यातील जंगम वस्तू त्याच्या संमतीवाचून, अप्रामाणिक हेतूने घेण्यासाठी हलवणे म्हणजे चोरी. या व्याख्येत 'दुकानाबाहेर नेणे' हे शब्द कुठेही नाहीत. त्यामुळे "मी दाराबाहेर पडलोच नव्हतो" एवढेच सांगून सुटका होईल असे मानू नका. मात्र स्वतः वस्तू उचलून घेण्याच्या दुकानात टोपलीत वस्तू ठेवायला दुकानदाराची संमती असतेच. म्हणून सगळा भार हेतूवर येतो, आणि तो वागणुकीवरून ताडला जातो : वस्तू कपड्यांखाली लपवली का, सुरक्षा-टॅग काढला का, बिलाची खिडकी टाळून पुढे गेला का.

मुलाने हळूच पिशवीत टाकलेली वस्तू, फोनवर बोलताना हातातच राहून गेलेली वस्तू, यंत्रावर स्वतः बिल करताना स्कॅन न झालेली वस्तू, वयोमानाने झालेला विसर यांत अप्रामाणिक हेतू नसतो आणि तो नसेल तर चोरीही नसते. परंतु हे सिद्ध होण्यासारखी परिस्थिती नोंदीत यावी लागते. एका वस्तूवरचा बारकोड काढून स्वस्त वस्तूचा बारकोड चिकटवला असेल, तर प्रकरण फसवणुकीकडे, म्हणजे कलम ३१८ कडे झुकते आणि शिक्षेची कमाल मर्यादा सात वर्षांपर्यंत जाऊ शकते.

२. कोणते कलम आणि किती किंमत, हे दोन आकडे पाहा

कलम ३०३(२) खाली साध्या चोरीला तीन वर्षांपर्यंत कारावास, किंवा दंड, किंवा दोन्ही. दुसऱ्यांदा किंवा त्यानंतर दोष सिद्ध झाल्यास किमान एक वर्ष आणि कमाल पाच वर्षे सक्तमजुरी, शिवाय दंड. याच कलमाला एक परंतुक (मूळ तरतुदीला जोडलेला अपवाद) आहे : मालाची किंमत ५,००० रुपयांपेक्षा कमी असेल, दोषसिद्धी पहिलीच असेल आणि वस्तू किंवा तिचे मूल्य परत केले असेल, तर शिक्षा समाजसेवेची. न्यायालय सांगेल ते समाजोपयोगी काम मोबदल्याशिवाय करणे, असा तिचा अर्थ.

हा पाच हजारांचा उंबरठा केवळ शिक्षेपुरता नाही. किंमत त्याखाली असेल तर गुन्हा अदखलपात्र आणि जामीनपात्र ठरतो, पोलीस एन.सी. (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) नोंदवून तक्रारदाराला दंडाधिकाऱ्यांकडे जायला सांगतात आणि दंडाधिकाऱ्यांच्या आदेशावाचून तपास करू शकत नाहीत. किंमत पाच हजार किंवा अधिक असेल तर तोच गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र होतो. एका रात्रीची कोठडी आणि घरी परतणे यांत कधी कधी एका वस्तूच्या किमतीचे अंतर असते. म्हणून किंमत बिलाच्या यंत्रावर काढली का, सवलतीनंतरची धरली की छापील, त्यात आपल्याकडे न सापडलेल्या वस्तू मिसळल्या का, आणि दुकानातील जुनी तूट याच व्यक्तीच्या माथी मारली का, हे बारकाईने तपासावे.

दुसरा आकडा कलमाचा. कलम ३०५ राहत्या घरातील किंवा मालमत्ता सुरक्षित ठेवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या इमारतीतील चोरीसाठी आहे आणि त्यात सात वर्षांपर्यंत कारावास व दंड आहे. दुकान हीदेखील माल ठेवण्याचीच इमारत, असा अर्थ लावून पोलीस हे कलम लावू शकतात, आणि लावतातही. तसे झाले की पाच हजारांखालची सवलत हातची जाते, कारण ते परंतुक ३०३(२) पुरतेच आहे. ग्राहकांसाठी खुल्या असलेल्या दुकानातून, खुल्या वेळेत वस्तू उचलणे ३०५ मध्ये बसते का, हा युक्तिवाद करण्याजोगा मुद्दा आहे आणि तो पहिल्याच दिवशी मांडावा लागतो. माझ्या मते वकिलाची फी ज्या एका कामासाठी वसूल होते, ते हेच.

याशिवाय नोकराने मालकाच्या मालाची चोरी केल्यास कलम ३०६, कमाल सात वर्षे. आणि एक गोष्ट तरुण मुलांना आवर्जून सांगावी : माल घेऊन पळताना रखवालदाराला ढकलले, चावले, मारले, तर प्रकरण कलम ३०९ च्या जबरी चोरीत जाऊ शकते, तिथे कमाल शिक्षा दहा वर्षे सक्तमजुरीची आहे. वस्तू काही शेकड्यांची असली तरीही.

३. दुकानात अडवले, तर पहिला तास असा काढा

शांत राहा, पळू नका, हात उचलू नका, वस्तू लपवण्याचा किंवा फेकण्याचा प्रयत्न करू नका. घरच्यांना आणि शक्य असल्यास वकिलाला फोन करा. घटनेची वेळ, कोणी अडवले, कोणत्या खोलीत नेले, कॅमेरे कुठे आहेत, आजूबाजूला कोण होते, हे डोक्यात ठेवा आणि संधी मिळताच लिहून काढा.

दुकानाच्या रखवालदाराला पोलिसांचे अधिकार नसतात. सुरक्षा संहितेच्या कलम ४० नुसार कोणीही खासगी व्यक्ती आपल्यासमोर अजामीनपात्र आणि दखलपात्र गुन्हा करणाऱ्याला पकडू शकते, मात्र विनाविलंब, आणि फार तर सहा तासांच्या आत, त्याला पोलिसांच्या हवाली करावे लागते. आता मागील मुद्द्याशी ताडून पाहा : पाच हजारांखालचा गुन्हा अजामीनपात्र नाही आणि दखलपात्रही नाही, त्यामुळे तिथे या अधिकाराचा पायाच डळमळतो. खोलीत डांबून ठेवणे हा न्याय संहितेच्या कलम १२७ खाली गुन्हा ठरू शकतो. अर्थात ही हुज्जत तिथे उभ्याने घालू नका. हा मुद्दा वकिलाच्या हाती द्या. अंगझडती देण्याची सक्ती दुकान करू शकत नाही. "झडती पोलिसांसमोर द्यायला तयार आहे", एवढे शांतपणे सांगावे. महिलेची झडती पोलीसदेखील केवळ महिलेकडूनच, सभ्यतेची मर्यादा पाळून घेऊ शकतात.

आता सर्वांत मोठा सापळा. व्यवस्थापक कोरा कागद पुढे करतो आणि म्हणतो, "माफीनामा लिहून द्या, विषय इथेच संपवू." साक्ष अधिनियमाच्या कलम २३ मुळे पोलिसांपुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध सिद्ध करता येत नाही, हे अनेकांनी ऐकलेले असते, पण व्यवस्थापक पोलीस नव्हे. त्याच्यापुढे लिहून दिलेली कबुली न्यायालयाबाहेरील कबुली म्हणून पुराव्यात येऊ शकते. धाकदपटशा किंवा आमिष दाखवून ती घेतली असेल तर तिला हरकत घेता येते, परंतु तसा धाक होता हे सिद्ध करण्याचे ओझे आपल्याच बाजूला येते. विषय तिथे संपेलच याची हमी तर कोणीच देत नाही; आमच्या प्रकरणात माफीनामाही लिहून घेतला गेला आणि पोलिसांनाही बोलावले गेले. म्हणून कबुली लिहू नका, आणि न वाचलेल्या कागदावर सही करू नका.

"किमतीच्या दहापट भरा आणि जा" ही दुसरी मागणी. असा दंड वसूल करण्याचा अधिकार कोणत्याही कायद्याने दुकानाला दिलेला नाही. पोलिसांची किंवा बदनामीची भीती घालून पैसे काढले, तर प्रकरण न्याय संहितेच्या कलम ३०८ च्या खंडणीकडे जाऊ शकते. छायाचित्र काढून भिंतीवर लावणे किंवा व्हॉट्सॲपवर फिरवणे यातून अब्रुनुकसानीचा दावा उभा राहू शकतो. असे काही घडले तर त्याचा पुरावा जपून ठेवा.

४. पोलीस ठाण्यात काय होते आणि काय मागायचे

आधी विचारा : एन.सी. झाली की गुन्हा नोंदवला? कोणत्या कलमाखाली? प्रथम माहिती अहवालाची (एफआयआर) प्रत मागा. संवेदनशील प्रकरणे वगळता हे अहवाल पोलिसांच्या संकेतस्थळावर टाकले जातात, त्यामुळे क्रमांक हाती आला तरी पुरेसे होते.

सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत अटक आपोआप होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने अर्नेश कुमार प्रकरणात २०१४ मध्ये हे स्पष्ट केले आणि सुरक्षा संहितेच्या कलम ३५ मध्ये तीच चौकट आहे : अटक का आवश्यक आहे याची कारणे लिहावी लागतात, अन्यथा ३५(३) खाली हजर राहण्याची नोटीस द्यावी लागते. ही नोटीस मिळाली तर ती अटक टळण्याची संधी समजा आणि दिलेल्या दिवशी हजर व्हा. नोटीस टाळणे हे अटकेला आयते कारण पुरवणे आहे.

अटक झालीच तर कारण सांगणे, नातलगाला कळवणे आणि प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांसमोर हजर करणे पोलिसांना बंधनकारक आहे. चौकशीदरम्यान आपल्या पसंतीच्या वकिलाला भेटण्याचा हक्क सुरक्षा संहितेचे कलम ३८ देते. चौकशीभर वकील शेजारी बसेल असे मात्र नाही. अपवादात्मक परिस्थिती वगळता महिलेला सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी अटक करता येत नाही. नाव-पत्ता खरा सांगा. घटनेविषयी मात्र स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती नाही. तो राज्यघटनेच्या अनुच्छेद २०(३) मधील हक्क आहे. तपासात नोंदवलेल्या जबाबावर सही घेतली जात नाही, पण जप्तीच्या पंचनाम्यावर सही मागितली जाते. त्यातील मुद्देमालाची यादी, संख्या आणि किंमत एकेक ओळ वाचल्याशिवाय सही करू नका.

५. वकील निवडा, आणि त्याच्याकडून काय अपेक्षावे ते जाणून घ्या

मालमत्तेचे दावे चालवणारा ओळखीचा वकील इथे पुरेसा नसतो. त्या तालुक्याच्या किंवा शहराच्या दंडाधिकारी न्यायालयात रोज फौजदारी काम करणारा वकील पाहा. पहिल्या भेटीत तीन गोष्टी विचारा : ३०५ लागले असल्यास ते ३०३(२) वर कसे आणणार, किमतीला हरकत कुठे घेणार, आणि कॅमेऱ्याचे चित्रण कसे सुरक्षित करून घेणार. उत्तरे गोलमोल आली तर दुसरा दरवाजा ठोठवावा.

चित्रणाचा मुद्दा घाईचा आहे, कारण दुकानांतील यंत्रणा जुने चित्रण काही काळाने पुसून त्यावर नवे भरते. दुकान सोयीचा तुकडा देते, पण त्याआधीची किंवा नंतरची काही मिनिटे निर्दोषत्व दाखवणारी असू शकतात. वकिलामार्फत ताबडतोब लेखी मागणी करून संपूर्ण चित्रण जपण्यास सांगावे आणि योग्य टप्प्यावर सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खाली ते हजर करण्याचा आदेश न्यायालयाकडून मागावा. इलेक्ट्रॉनिक पुराव्याची नक्कल न्यायालयात द्यायची तर साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र लागते. अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या आपल्याच राज्यातील निवडणूक वादात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये जुन्या कायद्याखालील अशा प्रमाणपत्राची अनिवार्यता अधोरेखित केली. प्रमाणपत्रच नसेल किंवा सदोष असेल, तर दुकानाच्या सर्वांत भक्कम पुराव्यावर आक्षेप घेता येतो. हे सामान्य माणसाला सुचण्यासारखे नाही.

फीबाबत संकोच नको. जामिनाची, प्रत्येक तारखेची आणि संपूर्ण खटल्याची फी वेगवेगळी विचारून घ्या आणि पावती मागा. "सुटलात तरच पैसे द्या" अशी निकालावर बेतलेली फी वकिलांच्या आचारनियमांत बसत नाही. "आत द्यायला" म्हणून वेगळी रक्कम मागणाऱ्या मध्यस्थापासून दूर राहा; न्यायालयाच्या आवारात असे लोक भेटतात. कोऱ्या वकालतनाम्यावर सही करू नका.

वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ नुसार महिला, मुले, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती, दिव्यांग आणि कोठडीतील व्यक्ती यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. इतरांना उत्पन्नाची मर्यादा आहे. राष्ट्रीय मदत क्रमांक १५१०० आहे. मोफत वकील म्हणजे दुय्यम वकील, हा समज मला तरी पटलेला नाही.

६. ही कागदपत्रे एका फाइलमध्ये लावा

- आरोपीचे आधार कार्ड, पत्त्याचा पुरावा आणि छायाचित्रे
- प्रथम माहिती अहवाल किंवा एन.सी.ची प्रत, नोटीस, जप्तीचा पंचनामा
- त्या दिवसाचे बिल, कार्ड किंवा यूपीआय व्यवहाराची नोंद (खात्यात पुरेसे पैसे होते आणि बाकीच्या वस्तूंचे पैसे भरले होते, हे हेतूविषयी बोलके असते)
- विस्मरण, मानसिक उपचार किंवा औषधांविषयीचे वैद्यकीय कागद, असल्यास
- शिक्षण किंवा नोकरीचा पुरावा; अठरा वर्षांखालील असल्यास शाळेचा दाखला किंवा जन्म दाखला
- जामीनदाराचे ओळखपत्र, शिधापत्रिका, वेतनचिठ्ठी किंवा मालमत्तेचा कागद. काही न्यायालये तहसीलदारांचा ऐपतीचा दाखला मागतात

७. जामीन

जामीनपात्र गुन्ह्यात जामीन हा हक्क आहे आणि तो पोलीस ठाण्यातूनही मिळतो. अजामीनपात्र या शब्दाने मात्र घाबरून जाऊ नका. त्याचा अर्थ जामीन मिळतच नाही असा नसून तो न्यायालयाच्या विवेकाधीन आहे, एवढाच आहे. माल जप्त झालेला, पत्ता पक्का आणि पूर्वीचा गुन्हा नाही, अशा प्रकरणात दंडाधिकाऱ्यांपुढील युक्तिवादाला चांगला आधार असतो. जामीनदार लगेच मिळत नसेल तर जातमुचलका (स्वतःचेच लेखी हमीपत्र) किंवा तात्पुरता रोख जामीन मागण्यास वकिलाला सांगा. अटकेची दाट शक्यता असल्यास सत्र किंवा उच्च न्यायालयात सुरक्षा संहितेच्या कलम ४८२ खाली अटकपूर्व जामिनाचा अर्ज करता येतो.

जामिनानंतर तारीख चुकवू नका. वॉरंट निघतेच, शिवाय गैरहजेरी हा न्याय संहितेच्या कलम २६९ खाली स्वतंत्र गुन्हा आहे. ई-कोर्ट्सच्या ॲपमध्ये सोळा अक्षर-अंकी सीएनआर क्रमांक (खटल्याचा ओळख क्रमांक) टाकून पुढची तारीख पाहता येते.

८. प्रकरण मिटवण्याच्या वाटा, आणि त्यांतला फरक

ज्याने खरोखर वस्तू उचलली आहे, त्यानेही "कबूल करतो, दंड भरतो, मोकळा होतो" असे परस्पर ठरवू नये. कबुलीतून होणारी शिक्षा, मग ती शंभर रुपये दंडाची असो वा समाजसेवेची, दोषसिद्धीच असते. आणि पुन्हा कधी असा आरोप सिद्ध झाला, तर ३०३(२) मधील किमान एक वर्षाची सक्तमजुरी समोर उभी राहते. आधी पुढील वाटा तपासाव्यात.

तडजोड ही सर्वांत चांगली वाट. कलम ३०३(२) चा गुन्हा सुरक्षा संहितेच्या कलम ३५९ नुसार मालाच्या मालकाला मिटवता येतो आणि तडजोडीचा परिणाम निर्दोष मुक्ततेसारखा असतो. दोन्ही बाजूंची संयुक्त पुरसिस (लेखी निवेदन) न्यायालयात दाखल होते. सापळा असा की मालक ही कंपनी असेल, तर शाखेच्या व्यवस्थापकाची सही पुरत नाही. कंपनीचे अधिकारपत्र असलेली व्यक्ती हवी. आधीच्या दोषसिद्धीमुळे वाढीव शिक्षा लागू होत असेल, तर तडजोड चालत नाही. कलम ३०५ अशा मिटवता येणाऱ्या गुन्ह्यांच्या यादीत नाही. ते लागले असल्यास दोन्ही बाजूंच्या संमतीने गुन्हा रद्द करण्यासाठी उच्च न्यायालयात जावे लागते, आणि तो खर्च व वेळ बराच वाढवणारा मार्ग आहे. सुरुवातीलाच कलमावर भांडायचे ते यासाठीही.

दोष सिद्ध झाला, तरी अपराधी परिवीक्षा अधिनियम, १९५८ आहे. त्याच्या कलम ३ मध्ये चोरीच्या जुन्या कलमांचा नावानिशी उल्लेख असून, पहिल्याच दोषसिद्धीत न्यायालय समज देऊन सोडू शकते. कलम ४ खाली चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडता येते, आणि आरोपी एकवीस वर्षांखालील असेल तर कारावास देण्यापूर्वी न्यायालयाला त्याची कारणे नोंदवावी लागतात. कलम १२ नुसार अशा प्रकारे सुटलेल्याला दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता लागत नाही. हा लाभ न्यायालयाकडे मागावा लागतो; न मागता नेहमीच मिळतो असे नाही.

खटला चाललाच, तर २०,००० रुपयांपर्यंतच्या मालाच्या चोरीचा खटला संक्षिप्त पद्धतीने चालवण्याची तरतूद सुरक्षा संहितेच्या कलम २८३ मध्ये आहे, आणि त्या पद्धतीत तीन महिन्यांहून अधिक कारावास देता येत नाही.

९. आरोपी अठरा वर्षांखालील असेल तर

सगळा मार्गच वेगळा. प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जाते, मुलाला पोलीस कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही, त्याची ओळख प्रसिद्ध करता येत नाही आणि बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम २४ नुसार निष्कर्ष विरुद्ध गेला तरी अपात्रता चिकटत नाही. वयाचा दाखला पहिल्याच दिवशी पोलिसांना दाखवा आणि त्याची पोच घ्या.

१०. निकालानंतरची कामे

अंतिम आदेशाची प्रमाणित प्रत काढा, एकाहून अधिक काढा. जप्त झालेला स्वतःचा मोबाइल किंवा पिशवी परत मिळण्याचा अर्ज करा आणि जामिनाची रोख रक्कम परत मागा. पारपत्रासाठी किंवा नोकरीसाठी अर्ज भरताना प्रश्न नीट वाचा : काही अर्ज केवळ दोषसिद्धी विचारतात, काही प्रलंबित खटला, तर काही "कधी अटक झाली होती का" असेही विचारतात. खटला प्रलंबित असेल तर पारपत्रासाठी न्यायालयाची परवानगी लागू शकते. सरकारी नोकरीत माहिती दडवणे हेच बडतर्फीचे कारण ठरू शकते. अवतार सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये माहिती सत्य देण्यावर भर दिला आणि क्षुल्लक गुन्ह्यांबाबत नियुक्ती अधिकाऱ्याला सवलतीचा विवेक असल्याचेही सांगितले. तेव्हा जे विचारले आहे तेवढ्याचे खरे उत्तर लिहा आणि सोबत आदेशाची प्रमाणित प्रत जोडा.